हातगुण

आज मांडवीकडची एक आजी पिशवीभर सीताफळं घेऊन आली. गेल्या आठवड्यात नातवाला चार दिवसांचा ताप होता म्हणून आली होती. "साहेब, तुमच्या हाताला गुण हाय," म्हणाली. मी पोराचं रक्त तपासलं होतं. मलेरिया नव्हता, डेंगी नव्हता. पॅरासिटामॉल दिलं, पाणी पाजत राहा, लघवी होते की नाही बघा, एवढं सांगितलं. असला ताप पाचव्या-सहाव्या दिवशी बहुतेक वेळा आपणहून उतरतो. आजी चौथ्या दिवशी ज्याच्याकडे गेली असती, त्याच्या हाताला गुण आला असता. तो डॉक्टर असो, भगत असो की मेडिकलवाला.

दुखणं असह्य झालं की माणूस एसटीत बसून किनवटला येतो. असह्य झालेलं दुखणं बहुधा त्यानंतर उतरणीलाच लागलेलं असतं. ज्यांचं उतरत नाही ते दुसऱ्या खेपेला माझ्याकडे येत नाहीत, आदिलाबादला नाहीतर नांदेडला जातात. मला आजवर मिळालेल्या सीताफळांत त्यांचं एकही नाही.

*

सुरुवातीच्या वर्षांत मीही या गुणावर विसंबून होतो. "अशक्तपणा आलाय, लाल सुई द्या," म्हणत बायका यायच्या. ती बी-बाराची सुई. मी द्यायचो, आठ दिवसांनी त्या "लई फरक पडला" म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं. मग एका पावसाळ्यात महिनाभर त्या सुया आल्याच नाहीत. नुसतं बोलून, नाडी बघून, दोन दिवस विश्रांती घ्या म्हणून पाठवलं. त्याही आठ दिवसांनी फरक पडला म्हणाल्या. मग हिमोग्लोबिन तपासायला लागलो. कुणाचं सात, कुणाचं साडेसात. त्यांना लोहाच्या गोळ्या हव्या होत्या, त्याही तीन-चार महिने नेमानं. मी त्यांना लाल सुई देत बसलो होतो. त्या काळात ज्यांची बाळंतपणं झाली त्यांची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

त्या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर एक शब्द लिहिला: कशापेक्षा? फरक पडला हे खरं, पण कशापेक्षा?

*

उनकेश्वर आमच्याच तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून इथं गरम पाणी काढलं, अशी कथा आहे. अंगाला खाज, गजकर्ण, खरूज असलेली माणसं लांबून येऊन त्या कुंडातल्या पाण्यानं आंघोळ करतात. आलेला पेशंट "डागदर, आधी उनकेश्वर करून आलो" असं सांगतो तेव्हा मी हसत नाही. त्या पाण्यात गंधक असल्याचं सांगतात, आणि गंधकाचं मलम खरजेवर चालतं, हे वैद्यकालाही फार जुनं ठाऊक आहे.

पण नीट बघायचं तर बऱ्याच गोष्टी सोडवून घ्याव्या लागतात. खरूज हिवाळ्यात वाढते, ऊन तापायला लागलं की कमी होते. जो हिवाळ्यात गेला त्याचा उन्हाळा पाण्याच्या नावावर जमा होतो. आंघोळीला गेलेल्या माणसानं त्या दिवशी कपडेही बदललेले असतात. शिवाय ज्याची खाज गेली तो गावभर सांगतो, ज्याची राहिली तो गप्प बसतो.

खरजेचं मी जे सांगतो ते असं: रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिन लावायचं, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, कमरेच्या करगोट्याखाली. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानंही. सकाळी अंथरुणं-कपडे गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायचे. आठवड्यानं पुन्हा एकदा. यातलं 'सगळ्यांनी एकाच रात्री' हे पाळलं गेलं नाही तर औषध कितीही चांगलं असो, महिन्याभरात खरूज परत घरात. औषध लागू पडत नाही असं सांगणाऱ्या घरात मी आधी विचारतो, आजोबांनी लावलं होतं का?

*

पऱ्हाट्या रचायचे दिवस आले. कापूस वेचून झाला की त्या काड्या सरपणाला घरामागे रचून ठेवतात आणि त्यांच्याखाली लाल विंचू येऊन बसतो.

विंचवाचं औषध आपल्याच माणसानं शोधलं, हे मराठवाड्यात शाळेच्या पुस्तकात असायला हवं. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. नोकरी कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात. तिथं विंचू चावलेली पोरं त्यांच्यासमोर फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. त्यांनी प्रत्येकाच्या उशाशी बसून नाडी, घाम, हातापायांचा थंडावा, रक्तदाब तासातासाला लिहिला. १९८२ मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरायला घेतली आणि शेकडा तीस-चाळीस जाणारे जीव शेकडा एकाच्या आसपास आले.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. नाव झालं होतं, गोळी सगळीकडे गेली होती. पण विंचवाच्या विषावरची लस बाजारात आली तेव्हा त्यांनी पुन्हा तोच प्रश्न घेतला: माझ्या गोळीपेक्षा बरं काही आहे का? ७० पेशंट, चिठ्ठीनं दोन गट. ३५ जणांना प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये छापून आलं. स्वतःच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या औषधाला एकटं पुरत नाही असं सिद्ध करणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

परवा रात्री एक सहा वर्षांची मुलगी आणली. घामानं परकर चिंब, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबानं गोळी चुरून पाण्यातून पाजली. उठू द्यायचं नाही, कारण या गोळीनं रक्तदाब पटकन खाली येतो. आई पायथ्याशी बसून दोन्ही पाय ओंजळीत धरून होती. तिला सांगितलं, पाय कोमट लागले की हाक मार. पुढचा डोस द्यायचा की थांबायचं हे त्या पायांवरच ठरतं. पहाटे तीनच्या सुमाराला तिनं हाक मारली.

*

चिठ्ठ्या टाकाव्यात तर कधी? फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल तर त्यांची गरज नसते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बोनगावला, कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मरणारे शेकडा तीसच्या आसपास होते, ते चाराच्याही आत आले. तिथं कुणी गट पाडत बसला नाही आणि तेच बरोबर होतं.

फरक लहान असतो, शंभरात दोघा-चौघांचा असतो, तेव्हा मात्र डोळा फसतो. बहुतेक औषधं याच दुसऱ्या जातीची आहेत.

*

"बाटली लावा" हा किनवटमधला सर्वांत मोठा आग्रह. अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. चमचाभरही नाही. पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला ते ताकातून मिळतं. बाटलीच्या दोन तासांत पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, सासू काम सांगत नाही, नवरा बाजूला बसतो, हे मात्र ताकातून मिळत नाही. बाईला बाटलीनंतर बरं वाटतं ते खोटं नाही. मी आता तिला बाटलीशिवाय खाटेवर झोपू देतो.

*

टीबीचं एक जुनं टिपण सापडलं, ते पुन्हा उतरवून ठेवतो.

१९४८, ब्रिटन. स्ट्रेप्टोमायसिन थोडंच होतं, सगळ्यांना पुरत नव्हतं. म्हणून कुणाला द्यायचं हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर सोडलं. १०७ पेशंट. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ गेले, नुसत्या विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. इथं वही मिटली असती तर स्ट्रेप्टोमायसिनचा जयजयकार. पण त्यांनी पाच वर्षं माग काढला. पाच वर्षांनी ५५ पैकी ३२ गेलेले होते आणि ५२ पैकी ३५. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. त्यातूनच एकापेक्षा जास्त औषधं एकदम द्यायची पद्धत आली. म्हणून 'कशापेक्षा'च्या खाली दुसरा शब्द लिहिला: कधीपर्यंत?

१९५९, मद्रास. टीबीच्या पेशंटला सॅनेटोरियममध्ये ठेवायचं की घरी औषध द्यायचं? १९३ पेशंट, चिठ्ठीनं निम्मे तिकडे, निम्मे घरी. घर म्हणजे दाटीवाटीची वस्ती, खायला बेताचं. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले आणि घरी राहिलेल्यांच्या बायका-पोरांना जास्त टीबी झाला नाही. त्या एका अभ्यासामुळे गरीब देशांनी सॅनेटोरियम बांधायचं सोडून घरीच औषध द्यायला सुरुवात केली. आमच्या तालुक्यातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे पाड्यांवर, आज आशाताई गोळ्या नेऊन देतात, त्याचं मूळ तिथं आहे.

पण यावरून खाण्याचं महत्त्व नाही असा अर्थ काढणारे भेटतात. २०२३ मध्ये झारखंडचा अभ्यास छापून आला. टीबीच्या पेशंटच्या घरातल्या १०,३४५ माणसांची नोंद. निम्म्या घरांत फक्त पेशंटला शिधा, बाकी घरांत सगळ्यांना तांदूळ आणि डाळ. ज्या घरात सगळे जेवले त्या घरात नवा टीबी शेकडा ३९ नं कमी. ही डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांची मेहनत. मद्रासनं विचारलं होतं की पेशंट घरी बरा होईल का. झारखंडनं विचारलं की घरातला दुसरा आजारी पडायचा थांबेल का. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं भांडत नाहीत. डाळ-तांदूळ हे औषध म्हणून तराजूत घालून मोजता येतं, हे वाचून मला झोप लागली नव्हती.

*

हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन द्यावं का, यासाठी १९८८ मध्ये १७,१८७ पेशंटांचा अभ्यास झाला. ॲस्पिरिननं जीव वाचतात हे पक्कं झालं. नियतकालिकाच्या संपादकांनी मग आग्रह धरला, वय, लिंग, अमुक-तमुक असे तुकडे पाडून दाखवा. संशोधकांनी सोबत राशींप्रमाणेही तुकडे पाडून दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा काहीच फायदा दिसेना! आकड्याचे पुरेसे तुकडे केले की कुठल्या तरी तुकड्यात काहीतरी निघतंच, हे त्यांना दाखवायचं होतं. औषध कंपनीचा माणूस 'पन्नाशीच्या वरच्या मधुमेही पुरुषांत विशेष गुण' असं चकचकीत कागदावर दाखवतो तेव्हा मी मनात राशी मोजतो.

*

काल रात्री साडेदहाला सातव्या महिन्यात कळा सुरू झालेली एक बाई आली. गोंड, पहिलटकरीण. नांदेड तीन-साडेतीन तास. अशा वेळी बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावं की नाही, यावर मी जितकं वाचलं तितकं दुसऱ्या कशावर वाचलं नसेल.

गोष्ट न्यूझीलंडपासून सुरू होते. लिगिन्स नावाचा डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होता. कमी दिवसांचं कोकरू खरं तर श्वास न घेता मरायला हवं, ते जिवंत दिसलं. त्याला स्टेरॉइड मिळालेलं होतं. १९७२ मध्ये त्यानं आणि हाउवीनं बायकांवरचा पहिला अभ्यास छापला. पुढे आणखी झाले, पण प्रत्येक लहान, प्रत्येक एकटा, आणि डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं 'अजून पुरावा नाही' म्हणत राहिली. सगळे एकत्र मांडले तेव्हा कळलं की उत्तर केव्हाच आलेलं होतं, नुसती बेरीज कुणी केलेली नव्हती. मधल्या काळात हजारो बाळं गेली. कॉक्रेन या संस्थेच्या चिन्हात ती बेरीज आजही आहे. एक उभी रेघ, तिच्या आजूबाजूला आडव्या रेघा आणि खाली डावीकडे सरकलेली चौकट. १९९३ पासूनचं हे चिन्ह. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्याचं चित्र आहे.

इथपर्यंत सरळ. मग लोकांना वाटलं, शहरातल्या दवाखान्यात इतका गुण येतो तर गावागावांत नर्सच्या हाती द्यावं. सहा देशांत अभ्यास झाला, सुमारे एक लाख बाळंतपणं. त्यात नागपूर आणि बेळगावच्या भोवतालची गावं होती, म्हणजे आपली भाषा बोलणाऱ्या बायकाही. दिवस किती गेलेत हे नक्की माहीत नसेल तर पोटाची उंची मोजायला रंगीत पट्टी. २०१५ मध्ये निकाल आला. कमी वजनाच्या बाळांच्या मरणात काही फरक नाही. आणि एकूण नवजात मृत्यू ज्या गावांत औषध पोहोचवलं तिथं जास्त, हजारी २७.४, न पोहोचवलेल्या गावांत २३.९. आयांना जंतुसंसर्गही जास्त.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. मी स्वतः कितीतरी जणींना ती सुई दिली होती, पाळीची तारीख 'पोळ्याच्या आसपास' एवढ्यावर.

मग जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा तपासलं. या वेळी दवाखान्यात, सोनोग्राफीनं दिवस मोजून, बाळाची काळजी घ्यायला माणसं आणि यंत्रं असतील तिथंच. पाच देश, २,८५२ बायका, भारतातल्या बायकाही त्यात. औषध दिलेल्यांत बाळ दगावण्याचं प्रमाण शेकडा १९.६, न दिलेल्यांत २३.५. फायदा इतका स्पष्ट की अभ्यास आधीच थांबवला. २०२०.

औषध तेच, मात्रा तीच, बारा-बारा तासांनी चार सुया. बदललं ते भोवतालचं. दिवस नक्की माहीत आहेत का, जंतुसंसर्ग नाही ना, बाळ जन्मल्यावर ऊब आणि श्वास द्यायला कुणी आहे का. म्हणून वहीत तिसरा शब्द: कुठं?

काल त्या बाईकडे तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा कागद होता. घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डासोबत. एकतीस आठवडे. ताप नव्हता, पाणी गेलेलं नव्हतं. पहिली सुई दिली, कागदावर वेळ मोठ्या अक्षरात लिहिली आणि १०८ नं नांदेडला पाठवली. कागद नसता तर सुई दिली असती का, हे मी स्वतःला रात्रभर विचारत होतो. नसती दिली, असं वाटतं.

*

धाराशिवचा अभ्यास. तेव्हा उस्मानाबाद. हे टिपण मी दर वर्षी पुन्हा लिहितो.

१९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ पुंजके करून त्यांची चार गटांत वाटणी केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली संस्था. प्रश्न गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा: एकदाच तपासणी करायची तर कोणती? काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काही गावांत पॅप, काही गावांत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं. चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमी जे मिळतं तेच.

आठ वर्षांनी मोजदाद झाली. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्याला गेलेला कॅन्सर इकडे ३९ जणींना, तिकडे ८२. पॅप आणि डोळ्यांनी बघणं यांचा खात्रीलायक फायदा या अभ्यासात दिसला नाही. २००९ मध्ये हे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या नियतकालिकात आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही चाचणी आधी करा असं सांगितलं, त्यामागे जे पुरावे होते त्यांत या उस्मानाबादकडच्या बायका आहेत.

त्या ६४ जणींवरून मोठा वाद झाला. तपासणीनं जीव वाचू शकतो असं वाटत असताना एका गटाला ती द्यायचीच नाही, हे बरोबर का? जिथं कुणालाच काही मिळत नाही तिथं 'नेहमी जे मिळतं ते' या शब्दांचा अर्थ काय? अभ्यास करणारे म्हणाले, चौथा गट नसता तर फायदा कळलाच नसता आणि सरकारांनी खर्च केला नसता. दोन्ही बाजू मी नीट वाचल्या. माझं मत असं: कोणती तपासणी चांगली हे खरोखर माहीत नव्हतं, तेव्हा आपापसांत तुलना करणं न्याय्य होतं. काहीच न देण्याचा गट मला आजही पचत नाही. पण उत्तर मिळाल्यावर ते गावागावांत न नेणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. पंधरा वर्षांहून जास्त झाली. किनवटमध्ये तीस-पस्तिशीची बाई पांढरं जातं म्हणून येते, तेव्हा तिनं ही चाचणी आयुष्यात एकदाही केलेली नसते.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंचं माहेर कळंब तालुक्यातलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी माहेरच्या गावात जीप आली होती, बायकांची नावं लिहून घेतली होती, हे त्यांना आठवतं. "मी तवा बाळंतपणाला गेलते. माझ्या भावजया गेल्या तपासायला. काय झालं त्याचं?" मी त्यांना सगळं सांगितलं. किती बायका, किती गावं, काय निघालं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे त्यांना कुणी सांगितलं का?"

*

त्याच आकड्यांवर थोडा हिशेब. 'मृत्यू निम्म्यानं कमी' हे खरं. दुसऱ्या तऱ्हेनं मांडलं तर दहा हजार बायकांमागे वीस मरायच्या, त्या दहा झाल्या. म्हणजे एक जीव वाचवायला सुमारे हजार बायकांची एकदा तपासणी. हेही तितकंच खरं. मी पेशंटला दोन्ही सांगतो. 'निम्मं' ऐकून एखादी घाबरून येते, 'हजारात एक' ऐकून एखादी जात नाही. पण ज्या तालुक्यात या वयाच्या तीस हजार बायका आहेत, तिथं 'हजारात एक' म्हणजे आठ वर्षांत तीस घरं.

*

'पिशवी काढली' हे वाक्य मराठवाड्यात इतकं सहज का बोललं जातं? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,००० हून जास्त बायका, त्यांपैकी १३,८०० च्या वर बायकांची पिशवी काढलेली. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत कामाचा खाडा होतो. कॅन्सर होईल अशी भीती घातलेली.

इथंही तोच शब्द विचारायला हवा होता. पिशवी काढणं, कशापेक्षा? आठवडाभराच्या गोळ्यांपेक्षा? पाळीच्या दिवसांत फडातून सुट्टी देण्यापेक्षा? उसाच्या फडाजवळ पाणी आणि आडोसा असण्यापेक्षा? कंबर दुखणाऱ्या बाईची पिशवी काढली की कंबर दुखायची थांबते, असं दाखवणारा पुरावा मी कुठंही वाचलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या तीन जणींची कंबर पिशवी काढल्यावरही दुखते. मोळी उचलायची थांबलेली नाही.

*

एका मामींचा मोतीबिंदू पिकलाय. पोरगा पुण्यातून फोन करतो, "डॉक्टर, लेझरचंच करा, ते टाक्याचं नको." मामी म्हणतात, "शिबिरात फुकट होतं म्हणं."

लोक ज्याला लेझर म्हणतात ते फेको. शिबिरात बहुधा होतं ते हातानं लहान छेद घेऊन, त्यालाही टाका लागत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर दोन्हींची तुलना केली, २००५ मध्ये ती छापून आली. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची बरी नजर फेकोत शेकडा ८१ जणांना, दुसऱ्यात ७१. चष्मा लावल्यावर दोन्हींत ९८. खर्च दुसऱ्यात कितीतरी कमी.

मामींना हे सांगताना दहा बोटं दाखवली. "फेकोनं शंभरातल्या आणखी दहा जणांना चष्म्यावाचून बरं दिसतं. चष्मा चालणार असेल तर दोन्ही सारखंच." मामींनी विचार केला. "मला पोथी वाचायला चष्मा लागतोच की." पोराला मी हेच लिहून पाठवलं. शस्त्रक्रिया कोणती यापेक्षा दुसऱ्या दिवशी पट्टी काढून कोण बघणार, थेंब वेळेवर कोण घालणार, हे मी त्याला जास्त विचारलं.

*

काल संध्याकाळी दवाखाना बंद करून सात फोन केले. वहीत एक पान आहे, 'परत आले नाहीत'. दर महिन्याला ते काढून बसतो.

बोधडीच्या मामांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात, "बरं वाटत होतं म्हणून". इस्लापूरची मुलगी मजुरीला निजामाबादकडे गेली, अंगावरची जखम भरली का ते तिच्या भावाला ठाऊक नाही. एकाला माझ्या औषधानं पुरळ आलं, त्यानं दुसरा डॉक्टर गाठला. मी माफी मागितली आणि औषधाचं नाव त्याला लिहून घ्यायला लावलं, पुन्हा कुणी देऊ नये म्हणून. दोघं ठणठणीत. एकीच्या घरी नातीनं उचलला, "आजी वारली, दसऱ्याच्या आधी." कशानं, ते विचारलं. तिला सांगता आलं नाही. तारीख लिहून घेतली.

सातवा फोन लागला नाही. त्या पोडावर रेंज नाही. उद्या आशाताई तिकडे जाणार आहेत, त्यांच्या डायरीत नाव लिहून दिलं.